न चाखलेलं पडवळ

श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. मीठ पडलं की नाही, मिरं जास्त झालं की कमी, हे चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईनं नुसत्या वासावर आणि अंदाजावर ओळखायचं. आधी ब्राह्मणांच्या पानात वाढायचं, मग घरच्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी जिनं रांधलं तिच्या. म्हणजे आपण काय करून ठेवलंय ते आपल्याला कळतं, तोवर जेवणारे हात धुऊन विडा चघळत बसलेले असतात. हा नियम करणाऱ्यानं जन्मात कधी आमटी केली नसणार, असं माझं जुनं मत आहे.

पण मत असलं तरी नियम मी पाळते. आमचं घर तंजावूरचं, मराठी, आणि आमच्या सासूबाई गंगाबाई हयात असेपर्यंत त्या घरात नियमाला फाटा देण्याची कोणाची टाप नव्हती. त्या गेल्या वर्षी श्रावणात गेल्या. यंदा त्यांचं पहिलं वर्षश्राद्ध आलं, आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच श्राद्धाच्या दिवशी पळी माझ्या हातात येणार होती. इतकी वर्षं मी भाज्या चिरल्या, नारळ खवले, केळीची पानं पुसली. चुलीशी त्या. "तुला जमायचं नाही" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. नुसत्या माझ्या आणि चुलीच्या मधे उभ्या राहायच्या.

महिनाभर आधी माझ्या नणंदेचा, चंद्रमतीअक्काचा, ओरत्तनाडुहून फोन आला. आजकाल हॉल मिळतात. ब्राह्मण, आचारी, पानं, सगळं तेच बघतात, आपण नुसतं जाऊन बसायचं. तिनं एका हॉलची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

"मी घरींच करते," मी म्हटलं.

"उदंड काम असतें गं तें. तूं ऑफिसला जाणारी बाई."

"रजा घेते."

मग तिनं अट घातली. "बरें. यंदा कर. नीट झालें तर तुझें तुला. कांहीं चुकलें तर पुढल्या वर्षापासून हॉल. आईच्या श्राद्धांत मला घोटाळा नको."

माझे यजमान मुरलीकृष्ण शेजारीच बसून ऐकत होते. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "बघूं." लग्नापासून मी त्यांच्याकडून हे उत्तर ऐकत आलेय. अजून त्यांचं काही बघून झालेलं नाही.

खरं सांगायचं तर धर्मापेक्षा मला ती पळी हवी होती. सासूबाई गेल्यावर तरी ती माझ्या हातात यावी, आणि आली की कोणा हॉलवाल्याच्या हातात जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढली आणि उळवर संदैला गेले. हा सरकारनं बांधून दिलेला शेतकऱ्यांचा बाजार. मधे दलाल नाही, आणि दाराशीच फळ्यावर त्या दिवसाचे भाव लिहिलेले असल्यामुळे घासाघीसही नाही. विकणाऱ्याकडे फोटोचं कार्ड असतं, आणि विकायचं ते आपल्याच रानातलं, दुसऱ्याचं नाही. सासूबाई दर रविवारी इथं यायच्या आणि भाजी एकाच बाईकडून घ्यायच्या. धनलक्ष्मीकडून. तिचं शेत तिरुवैयारुच्या अलीकडे, कावेरीच्या काठी. भाजी घेऊन झाली तरी सासूबाई उठायच्या नाहीत. तिच्या गाळ्यात गोणपाटावर बसून तास तास तमिळमधून गप्पा मारायच्या, आणि मी पिशवी धरून उभी. घरी दिवसाकाठी माझ्याशी पाच वाक्यं बोलणारी ही बाई इथं इतकं काय बोलते, याचा मला राग यायचा.

"उद्या अम्माची तीथ ना?" मला पाहताच धनलक्ष्मी म्हणाली. तिनं सगळं बाजूला काढूनच ठेवलं होतं. कच्ची केळी, गवार, सुरण, अळकुड्या, रताळी. श्राद्धाला आमच्याकडे इंग्लिश भाज्या चालत नाहीत. बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर यांना त्या दिवशी घरात प्रवेश नाही. लागतात त्या नाट्टु, म्हणजे इथल्या मातीतल्या, गावठी बियाण्याच्या. हे सगळं धनलक्ष्मीला माझ्यापेक्षा पाठ. महालयाचा पंधरवडा आला की तंजावूरातली निम्मी मराठी घरं तिच्याच गाळ्यापुढे रांग लावतात, आणि त्या पंधरवड्याच्या हिशेबानंच ती केळी आणि सुरण लावते.

"पडवळ?" मी विचारलं.

ती मलाही अक्काच म्हणते. "पडवळ यंदा नको घेऊस, अक्का."

"अगं, असं कसं? त्यांच्या आवडीचं पानात नको?" माणूस गेलं की त्याला आवडणारी एक तरी भाजी श्राद्धाच्या पानात हवीच, आणि सासूबाईंचा पडवळावर फार जीव. मुगाची डाळ आणि ओलं खोबरं घालून केलेलं पडवळाचं कूटु असलं की दुसरं काही लागायचं नाही त्यांना.

"माहीत आहे गं मला. पण ऐक. बी माझं घरचंच आहे. गेल्या वर्षी कालव्याच्या कडेला रानपडवळ उगवलं होतं. आम्ही त्याला भुताचं पडवळ म्हणतो, कडू जहर असतं. मधमाशीला काय, तिला रानातलं आणि घरचं सारखंच. त्या फुलावरून या फुलावर. आता यंदाच्या बियांत ते उतरलंय. गेल्या आठवड्यात एका बाईचं पडवळ कडू निघालं. सगळे वेल तसे नाहीत. एखादाच असेल, पण कुठला ते मला अजून सापडलं नाही." तिनं शेजारच्या गाळ्याकडे हात केला. "शिवकुमारकडून घे. त्याचं कंपनीचं बी आहे. कडू निघायचं नाही."

शिवकुमारच्या गाळ्यात हातभर लांबीची पांढुरकी, गुबगुबीत पडवळं रचून ठेवली होती. धनलक्ष्मीची लांबलचक, हिरव्या पट्ट्यांची. सरळ वाढावीत म्हणून वेलावर असतानाच ती त्यांच्या टोकाला दगड बांधते. कंपनीचं बी म्हणजे ही पडवळं इंग्लिश भाजीच्या उंबऱ्यावरच आली की! ते काही माझ्या मनाला पटेना. सासूबाई वरून बघत असल्या तर म्हणतील, पहिल्याच वर्षी हिनं मला पॅकेटातलं घातलं.

"तुझीच दे. चार दे."

"मग थांब, चाखून देते." तिनं एक पडवळ उचललं, टोक नखानं मोडलं आणि तोंडाकडे नेलं.

"अगं अगं अगं! उष्टं होईल!"

मी इतक्या मोठ्यानं ओरडले की आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"टोक तेवढं जिभेला लावते. बाकीचं तर अख्खंच राहतं."

"श्राद्धाचं आहे ते. तोंडाला लागलेलं चालत नाही."

"मग घेऊच नकोस. विषाची परीक्षा कशाला?"

"काही होत नाही. दे तू."

"अक्का, मी सांगतेय."

"दे म्हटलं ना!"

तिनं ते मोडक्या टोकाचं पडवळ बाजूला ठेवलं, दुसरी चार काढली आणि पिशवीत घातली. घातली म्हणजे जवळजवळ आपटलीच. मीही तोंड फिरवून निघाले. आता शेतकरणीनं मला श्राद्ध शिकवायचं का, असा माझा तेव्हाचा विचार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन, ओल्या नेसूनं मी चुलीपाशी उभी राहिले. चिरताना एक फोड जिभेवर ठेवावी, असं एकदा मनात आलं. पण सोवळ्यात होते. हात तोंडाला लागला असता तर पुन्हा आंघोळ आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. पडवळाचा वास घेतला. वास पडवळाचाच होता. डाळ घातली, खोबरं घातलं, जिऱ्या-मिऱ्याचं वाटण घातलं. कूटु इतकं देखणं झालं की मी स्वतःवरच खूश झाले.

अक्का सकाळच्या बसनं आली. स्वयंपाकघराच्या दारातून भांडी बघून म्हणाली, "असकें झालें कां?" असकें म्हणजे सगळं. आमच्याकडचा जुना शब्द.

"असकें झालें," मी म्हटलं. मान ताठ.

ब्राह्मण दोन. एक देवांच्या जागी, आणि दुसरे गुरुमूर्ती शास्त्री आमच्या सासूबाईंच्या जागी. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या पानात वाढलेलं सासूबाईंना पोचायचं. जेवताना ब्राह्मणांनी बोलायचं नाही, आणि अन्नाला चांगलं-वाईट तर मुळीच म्हणायचं नाही. चवीबद्दल एक शब्द निघाला तरी पितर पानावरून उठून जातात, असं शास्त्र आहे. त्यामुळे हवं-नको सगळं हातानंच.

मी पडवळाचं कूटु वाढलं. शास्त्रींनी पहिला घास घेतला. क्षणभर त्यांचा हात पानावरच राहिला, मग पुन्हा चालू झाला. ते संपवून शेजारच्या केळ्याच्या भाजीकडे वळले, तर मी पुन्हा कूटु घेऊन हजर. त्यांनी पानावर आडवा पंजा धरला. मला वाटलं, संकोच करतायत. सासूबाईंच्या आवडीची भाजी, आणि त्यांना एकदाच? मी पंज्याला वळसा घालून दोन पळ्या वाढल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पानात काही टाकायचं नाही म्हणून तेही संपवलं, आणि वर तांब्याभर पाणी प्यायले.

जेवणं झाल्यावर यजमानानं विचारायचं असतं, तृप्त झालात ना? मुरलींनी विचारलं. दोघांनी सांगितलं, "तृप्ताः स्मः." शास्त्रींचा आवाज जरा घोगरा आला. मग पुढचा प्रश्न, उरलेल्या अन्नाचं काय करू? त्याचंही उत्तर ठरलेलं, इष्टांसह जेवा. हे म्हणताना शास्त्रींनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला वाटलं, कौतुकानं.

ब्राह्मण गेले, आणि इष्ट जेवायला बसले. मी, मुरली, अक्का.

अक्कानं पहिला घास कूटुचाच घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. "हें काय गं? उदंड कडू!"

मुरलींनी घास घेतला, तो तोंडातच धरून माझ्याकडे बघायला लागले. मी चाखलं. कारलं परवडलं. कारल्याला निदान आपण कडू असल्याची लाज नसते. हे मुगाच्या डाळीआड लपून बसलेलं. चारातलं एकच पडवळ तसलं असणार, पण एकानं अख्खं पातेलं नासवलं होतं. आणि ते मी माझ्या सासूच्या पानात वाढलं होतं. एकदा नाही, दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर हात आडवा असताना.

"कोठून आणलींस?" अक्कानं विचारलं.

"धनलक्ष्मीकडून."

"आईची ती धनलक्ष्मी? इतकीं वर्षें आईनें तिच्याकडून घेतलें, आणि आईच्याच दिवसाला तिनें हें दिलें?" अक्काचा उजवा हात खरकटा होता. तिनं डाव्या हातानं फोन ओढला. आमच्या मराठी घरांचा एक ग्रुप आहे. कोणाकडे बारसं, कोणाकडे काय, सगळं त्यावर येतं. आमच्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येत नाही, म्हणून तिथं सगळा कारभार बोलूनच. अक्कानं अंगठा बटणावर दाबून धरला आणि सुरू केलं. "नमस्कार, मी चंद्रमती. आज आईच्या श्राद्धाला संदैतल्या धनलक्ष्मीकडून पडवळ आणलें, तें विष निघालें. महालय जवळ आला. असक्यांनीं जपून. त्या बाईकडे..."

मला गप्प बसता आलं असतं. हे लपवत नाही. दोन मिनिटं तोंड मिटून बसले असते तर सगळा दोष धनलक्ष्मीच्या माथी गेला असता आणि माझी पळी माझ्याकडे राहिली असती. भाजी वाईट होती, बाई बिचारी काय करणार, असं अक्कानंच म्हटलं असतं. पण महालय तोंडावर आला होता. धनलक्ष्मीची केळी, सुरण, अळकुड्या सगळं रानात तयार होत होतं, आणि ते घेणारी माणसं याच ग्रुपवर होती. शिवाय तिनं मला सांगितलं होतं. हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते तिनं.

"तिनें नको म्हटलें होतें, अक्का," मी म्हटलं. अक्काचा अंगठा अजून बटणावरच होता आणि ते मला दिसत होतं, म्हणून जरा मोठ्यानंच म्हटलं. "कडू निघेल म्हणाली. दुसऱ्याकडून घे म्हणाली. चाखून देते म्हणाली, तर मींच ओरडलें तिच्यावर. हट्ट माझा. तिची कांहीं चूक नाहीं."

अक्कानं अंगठा उचलला. निरोप गेला. तिचा अर्धा आणि माझा अर्धा, एकत्रच.

मुरलींनी कूटुचा दुसरा घास घेतला. श्राद्धाचं अन्न टाकायचं नसतं. आम्ही तिघांनीही ते संपवलं, पाण्याच्या घोटाबरोबर, औषध घ्यावं तसं.

हात धुताना अक्का म्हणाली, "पुढल्या वर्षीं हॉल." ती चिडून म्हणाली असती तर मी भांडले असते. पण ती शांतपणे म्हणाली. मुरलींकडे पाहिलं, तर त्यांनीही होकारार्थी मान हलवली. या वेळी 'बघूं' सुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. भांडी घासताना ती पळी मी दोनदा घासली आणि फळीवर ठेवून दिली.

रविवारी संदैला गेले. मनात एक गोष्ट होती, तीही सांगते. मला आभार हवे होते. आपली पळी घालवून हिचं नाव राखलं. एवढ्यात ते हिच्या कानावर आलंच असेल, ती दोन चांगले शब्द बोलेल, असं धरूनच मी चालले होते.

कानावर आलंच होतं. मी गाळ्यापाशी पोचायच्या आत ती उठून उभी राहिली. तिच्यापुढे तीन-चार गिऱ्हाइकं होती.

"त्या पश्चिम वीथीतल्या तुमच्या मराठी बाईनं मला फोनवर ऐकवलं. मला भाषा कळली नाही, तिनंच सांगितलं. खरं आहे का ते? अम्माच्या पानात कडू पडवळ वाढलंस?"

"हो. पण तुझ्यावर काही येऊ नये म्हणून मी सगळ्यांना स्पष्ट..."

"माझं कोणी विचारलंय तुला?" ती ओरडली. आदल्या आठवड्यात मी ओरडले होते त्याहून मोठ्यानं. "मी सांगितलं होतं ना तुला? नको म्हणून सांगितलं होतं ना? वर्षभर उपाशी असते ती. एक दिवस येते जेवायला. त्या दिवशी माझ्या रानातलं भुताचं पडवळ घातलंस तिला?"

पुढचं तिला बोलवेना. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच उभी राहून रडायला लागली. एका हातात गवारीची जुडी. शिवकुमार आपल्या गाळ्यातून उठून उभा राहिला, मग काय करावं न कळून पुन्हा बसला.

श्राद्धाच्या दिवशी आमच्या घरात सगळे आपापल्या उद्योगात होते. मुरली दर्भ मोजत होते, अक्का चुका शोधत होती, मी माझ्या पळीकडे बघत होते. वर्षभरानं सासूबाई जेवायला आल्या होत्या, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात नव्हतं. रडलं तर कोणीच नव्हतं. मी सासूबाईंसाठी रडले ती तिथं, भाजीबाजारात, पिशवी हातात धरून. वर्षभर उशिरा.

जरा वेळानं धनलक्ष्मीनं डोळे पुसले. आवाज तसाच रागीट ठेवून तिनं विचारलं, "दुसरं काही तरी जेवली का ती? का सगळंच पान कडू?"

मी शास्त्रींचं पान आठवलं. खोटं बोलायची गरज पडली नाही.

"रताळं मागून घेतलं त्यांनी," मी म्हटलं. "हात पुढे करून. मी थोडंच वाढलं, तर आणखी घेतलं."

धनलक्ष्मी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, खाली बसली, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकाची गवार तोलायला घेतली.